हिवाळ्यांतील वसंत

डिसेंबर महिन्यांत स्टॉकहोम शहरीं सूर्य सकाळीं पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारीं तीन वाजण्याच्या आंतच मावळतो. जमीन गोठून दगडासारखी झालेली असते, झाडांवर एक पान उरलेलें नसतें. अशा दिवसांत तेथील सामान्य गृहस्थाच्या घरीं खिडकीच्या फळीवर पाण्यानें भरलेलें एक कांचेचें भांडें दृष्टीस पडतें. भांड्याची मान अरुंद आणि तोंड वाटीसारखें पसरट. त्या वाटींत एक मोठासा कांदा बसविलेला. खालीं पाण्यांत पांढऱ्या मुळ्यांचा झुपका लोंबत असलेला आणि वर निळ्या किंवा गुलाबी घंटिकांनीं गच्च भरलेला फुलांचा तुरा. सुगंध असा कीं, दार उघडतांच तो सामोरा येतो. हें फूल हायसिंथचें. बाहेरच्या बागेंत तेंच फूल पाहावयाचें तर वसंत ऋतूची वाट पाहावी लागते. घरांत मात्र तें नाताळच्या सणाला हजर असतें.

ऋतूला असें कित्येक महिने अगोदर बोलावून आणण्याची विद्या मनुष्यानें कशी हस्तगत केली, तिच्यापायीं किती खटपट झाली व किती पैसा ओतला गेला, आणि ज्या देशानें हे कांदे साऱ्या जगाला पुरविले त्या देशावर एका हिवाळ्यांत कोणता प्रसंग गुदरला, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

या विद्येचें रहस्य आपल्या स्वयंपाकघरांतील टोपलींतच सांपडतें. पावसाळा लागला कीं सांठवणीच्या कांद्यांना हिरवे कोंब फुटूं लागतात, हा प्रत्येक गृहिणीचा अनुभव आहे. त्यांना माती मिळालेली नसते, खत मिळालेलें नसतें, पाणीहि कोणीं घातलेलें नसतें. मग हे कोंब कशाच्या बळावर वाढतात? कांदा हा वनस्पतीनें सुकाळांत करून ठेविलेला सांठा होय. त्याचे पापुद्रे म्हणजे अन्नानें फुगलेलीं पानेंच असतात, आणि मधोमध, बुडाशीं, पुढील वर्षाचा अंकुर झोपलेला असतो. हायसिंथचा कांदा शरद ऋतूंत उभा चिरून पाहिला तर त्याच्या पोटांत पुढील वसंताचा संपूर्ण तुरा, एकेका इवल्या कळीसह, तयार असलेला दिसतो. पाणी आणि योग्य काळीं योग्य हवा एवढीच त्याची मागणी असते. फूल बाहेरून आणावयाचें नसतें. तें आंतच असतें.

निसर्गानें ही तरतूद कां केली हें या फुलांच्या मायभूमीकडे पाहिलें म्हणजे कळतें. हायसिंथ हा तुर्कस्तान, सीरिया व लेबानन या मुलखांतील डोंगरउतारांचा रहिवासी. ट्यूलिपच्या जाती मध्य आशियाच्या पर्वतांपासून पश्चिमेकडे पसरलेल्या आहेत. तेथें उन्हाळा अत्यंत कोरडा व हिवाळा कडक असतो. त्या दोहोंच्या मध्यें वसंताचे थोडेसेच आठवडे वनस्पतीला मोकळे मिळतात. तेवढ्यांत पानें काढावयाचीं, फुलावयाचें, बी धरावयाचें आणि पुढच्या वर्षाची बेगमी करून पुन्हा जमिनींत दडी मारावयाची, असा हा संसार आहे. इराणी लोक हायसिंथला सुंबुल म्हणतात. फारसी कवींनीं प्रियेच्या कुरळ्या केसांना त्याची उपमा दिली, आणि नौरोजच्या दिवशीं मांडल्या जाणाऱ्या सात वस्तूंच्या शेजारीं सुंबुलाचा तुरा ठेवण्याची चाल त्या देशांत आजहि आहे. तुर्कस्तानच्या सुलतानांना तर या फुलांचें वेड होतें. तिसऱ्या अहमदाच्या कारकीर्दींतील १७१८ ते १७३० हा काळ तेथील इतिहासांत ‘लालेचा काळ’ याच नांवानें ओळखला जातो. लाले म्हणजे ट्यूलिप.

पश्चिम युरोपास या फुलांचा परिचय सोळाव्या शतकांत घडला. ओझिए द बुस्बेक हा जर्मन बादशहा फर्डिनंड याचा वकील म्हणून १५५४ पासून सुलतान सुलेमानाच्या दरबारीं होता. भर हिवाळ्याच्या अखेरीस फुललेलीं फुलें वाटेंत पाहून आपणांस आश्चर्य वाटल्याचें त्यानें पत्रांत नमूद केलें आहे. त्याच्यासारख्यांच्या द्वारें बियाणें व कांदे व्हिएन्नापर्यंत पोंचले. १५५९ सालीं आउग्सबुर्ग येथील एका बागेंत कोनराड गेस्नर या स्विस पंडितानें ट्यूलिप फुललेला पाहिला व दोन वर्षांनीं त्याचें वर्णन छापून प्रसिद्ध केलें.

परंतु या फुलांना युरोपांत खरें घर मिळवून देणारा पुरुष म्हणजे क्लूसियस. याचा जन्म १५२६ सालीं आरास येथें झाला. हिंदुस्थानाशीं, आणि त्यांतहि गोमंतकाशीं, याचा एक जवळचा संबंध आहे. गार्सिया द ओर्ता नांवाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यांत राहत होता; मुंबई बेटहि कांहीं काळ त्याच्याकडे खंडानें होतें. इकडील औषधी व फळफळावळ यांविषयीं त्यानें लिहिलेला संवादात्मक ग्रंथ १५६३ सालीं गोव्यासच छापला गेला. पुढील वर्षीं क्लूसियस प्रवासास निघून पोर्तुगालांत गेला असतां तो ग्रंथ त्याच्या हातीं पडला. त्याचें महत्त्व ओळखून त्यानें तो संक्षेपानें लॅटिन भाषेंत उतरविला व १५६७ सालीं अँटवर्प येथें प्रसिद्ध केला. आंबा, नारळ, मिरीं, वेलदोडा यांची शास्त्रीय माहिती युरोपांतील विद्वानांना मुख्यतः या लॅटिन पुस्तकावरून झाली. ज्या मनुष्यानें गोव्याच्या बाजारांतील औषधी युरोपच्या पंडितांपुढें मांडल्या, त्याच मनुष्यानें तुर्कस्तानचे कांदे हॉलंडच्या मातींत रुजविले.

१५९३ मध्यें क्लूसियस लायडन विश्वविद्यालयाच्या वनस्पति-उद्यानाचा प्रमुख झाला. त्या वर्षीं शरद ऋतूंत त्यानें लावलेले ट्यूलिप पुढल्या वसंतांत फुलले. तो कांदे कोणाला सहसा देत नसे, आणि म्हणून ते चोरीस गेले अशी हकीकत सांगतात. ते कसेहि पसरले असोत, हॉलंडच्या किनाऱ्यावरील रेताड जमीन त्यांना मानवली, आणि थोड्याच वर्षांत ज्याच्याजवळ पैसा त्याच्या बागेंत ट्यूलिप अशी स्थिति झाली.

यानंतर जी घटना घडली ती सर्वत्र सांगितली जाते. परंतु ती हिवाळ्यांतच कां घडली याचा विचार सहसा केला जात नाहीं. ट्यूलिपचा कांदा उन्हाळ्यांत खणून काढावयाचा आणि शरदांत पुन्हा जमिनींत पुरावयाचा असतो. म्हणजे हिवाळ्यांत कांदा मातीखालीं आणि फूल पुढच्या वसंताच्या पोटांत. विकणाऱ्यापाशीं दाखवावयास कांहीं नाहीं, घेणाऱ्यापाशीं पाहावयास कांहीं नाहीं. १६३६-३७ च्या हिवाळ्यांत हार्लेम व आसपासच्या शहरीं खानावळींच्या मागच्या दालनांत बसून लोक अशा न दिसणाऱ्या फुलांचे सौदे कागदावर करूं लागले. डच लोकांनीं या सौद्यांना ‘वाऱ्याचा व्यापार’ असें समर्पक नांव दिलें. ५ फेब्रुवारी १६३७ रोजीं आल्कमार येथें एका मृत व्यापाऱ्याच्या पोरक्या मुलांसाठीं त्याच्या कांद्यांचा लिलाव झाला, त्यांत सुमारें नव्वद हजार गिल्डर जमले. आणि कुशल कारागिराची वर्षाची कमाई त्या वेळीं तीनशें गिल्डरांच्या आगेंमागें होती! पण हार्लेम येथें त्याच आठवड्यांत गिऱ्हाइकांनीं हात आंखडता घेतला होता. बातमी पसरली आणि भाव कोसळले.

या प्रसंगानें सारा देश धुळीस मिळाला, लोकांनीं कालव्यांत जीव दिले, अशीं वर्णनें चार्ल्स मॅके या स्कॉटिश ग्रंथकारानें १८४१ सालीं लोकप्रिय केलीं व तीं शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोंचलीं. ॲन गोल्डगार या विदुषीनें २००७ सालच्या आपल्या ग्रंथांत मूळ करारपत्रें व न्यायालयांतील दप्तरें तपासून दाखविलें आहे कीं, या सौद्यांत गुंतलेले लोक मुख्यतः सुखवस्तु व्यापारी व कारागीर होते, देशाचा व्यापार बुडाला नाहीं, आणि नासलें तें मुख्यतः परस्परांवरील विश्वासाचें बंधन. ज्या रेषारेषांच्या रंगदार पाकळ्यांसाठीं लोक वेडे झाले त्या पाकळ्यांचें कारणहि मोठें विलक्षण निघालें. १९२८ मध्यें डोरोथी केली या इंग्रज संशोधिकेनें दाखविलें कीं, ती चित्रविचित्र रंगछटा हा एक रोग असून तो एका कांद्यांतून दुसऱ्यांत जातो. मावा नांवाची कीड त्याचे विषाणू पसरविते. रोगी कांदा दिवसेंदिवस दुबळा होत जातो. म्हणजे लोकांनीं सर्वांत अधिक पैसा मोजला तो सर्वांत आजारी फुलासाठीं.

ट्यूलिपचें वेड ओसरल्यावर अठराव्या शतकांत हायसिंथचें युग आलें. हार्लेम येथें पीटर फूरहेल्म नांवाचा माळी होता. बियांपासून उगवलेल्या रोपांत कधीं कधीं दुहेरी पाकळ्यांचीं फुलें निघत. त्यांना बी धरत नाहीं म्हणून तो तीं उपटून टाकी. एका वर्षीं आजारामुळें बागेंत यावयास त्याला उशीर झाला. तोंवर असें एक दुहेरी फूल पूर्ण उमललें होतें, तें त्याच्या मनांत भरलें व त्यानें तें राखलें, अशी कथा आहे. पुढें याच बागेंतील दुहेरी हायसिंथांपैकीं एकाला ‘ग्रेट ब्रिटनचा राजा’ असें नांव मिळालें व त्याचा एकेक कांदा हजार हजार गिल्डरांस विकला गेल्याचें सांगतात. हायसिंथच्या जातींची संख्या शतकाच्या उत्तरार्धांत दोन हजारांच्या घरांत गेली. १७६८ सालीं ॲम्स्टरडॅम येथें मार्क्वी द सें-सिमों यानें केवळ हायसिंथवर एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या दोन हजारांपैकीं बहुतेक जाती आज नामशेष झाल्या आहेत. जी जात लोक लावीत नाहींत ती जगत नाहीं, कारण बागेंतील कांद्याचें वंशसातत्य माळ्याच्या हातीं असतें.

याच शतकांत कांदा मातींतून निघून कांचेच्या भांड्यावर चढला. मोर्टेन ट्रीव्हाल्ड हा स्वीडनचा एक यंत्रज्ञ. वाफेचें इंजिन स्वीडनमध्यें प्रथम यानेंच उभें केलें. पाण्यानें भरलेल्या बाटल्यांच्या तोंडावर ट्यूलिप व तत्सम कांदे ठेवले असतां ते जमिनींतील कांद्यांपेक्षां पुष्कळच लवकर फुलतात, असें त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्रानें कळविलें, व तें पत्र १७३१ च्या सुमारास त्या संस्थेच्या नियतकालिकांत छापलें गेलें. चेल्सी येथील औषधि-उद्यानाचा प्रमुख फिलिप मिलर यानेंहि तसेच प्रयोग करून त्यांची हकीकत त्याच नियतकालिकांत दिली. मुळांना माती लागतेच अशी जी लोकांची समजूत होती तिला या प्रयोगांनीं धक्का दिला. ज्या देशांत सूर्य दिवसाचे सहा तासच दिसतो त्या देशांतील मनुष्यानें हा उद्योग करावा, यांत नवल नाहीं.

राजदरबारांनीं ही युक्ति तत्काळ उचलली. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याची मर्जी संपादन केलेली मादाम द पोंपादूर हिला हायसिंथचा मोठा शोक होता व तिच्यामागें सारा दरबार या फुलांच्या नादीं लागला. चिनी मातीचीं भांडीं करणारे कारखानदार कांदे बसविण्याच्या विविध आकृतींच्या कुंड्या करूं लागले. इंग्लंडांत जोसाया वेजवुडच्या कारखान्यांत साळिंदराच्या आकाराची एक कुंडी निघाली. तिच्या पाठीवरच्या छिद्रांतून केशराच्या जातीच्या फुलांचे कोंब कांट्यांसारखे बाहेर पडत. परंतु हा सर्व थाट श्रीमंतांचा होता. मध्यम स्थितींतील कुटुंबांकडे हें फूल पोंचावयास आणखी एक शतक जावें लागलें, आणि त्याचें एक कारण कायद्याच्या पुस्तकांत सांपडतें. इंग्लंडांत कांचेवर जबर कर होता. तो १८४५ सालीं उठला. कांच स्वस्त झाली, आगगाड्या व आगबोटी यांनीं कांदे लवकर व थोड्या खर्चांत येऊं लागले, आणि शहरांतील ज्या घराला वीतभर अंगण नव्हतें त्या घरालाहि खिडकींत बाग करतां येऊं लागली.

या घरगुती बागेची रीत ठरलेली आहे. कांदा भांड्यावर असा बसवावा कीं, त्याचें बूड पाण्याला टेंकूं नये. पाणी त्याच्या किंचित् खालीं राहावें, नाहींतर तो कुजतो. मग तें भांडें कित्येक आठवडे थंड व काळोख्या जागीं ठेवावें. खालीं मुळ्या भरून आल्या व वर दोन बोटें कोंब निघाला म्हणजे तें हळूहळू उजेडांत आणावें. जर्मनीत व उत्तरेकडील देशांत कोंबावर रंगीत कागदाची निमुळती टोपी घालण्याची चाल होती. टोपीच्या आंतील अंधारांत फुलाचा दांडा वर ओढला जातो व तुरा पानांत अडकून बसत नाहीं. त्या टोप्या घालून खिडकींत ओळीनें बसलेले हायसिंथ ही तेथील मुलांना नाताळ जवळ आल्याची खूण असे.

या एका तुऱ्यामागें किती श्रम असत? हायसिंथचा कांदा आपण होऊन फार थोडीं पिलें देतो. म्हणून हॉलंडांतील शेतकरी पक्व कांद्याच्या बुडावर चाकूनें फुलीसारखे छेद देतात किंवा बूड कोरून काढतात. तो जखमी कांदा ऊबदार जागीं ठेवला असतां जखमेच्या कडांवर बारीक बारीक पिलें धरतात. एकेका कांद्यास वीस-वीस, तीस-तीस सुद्धां. पण तीं विक्रीजोगतीं होण्यास तीन-चार वर्षें लागतात. प्रतिवर्षीं तीं लावावयाचीं, गवताखालीं झांकावयाचीं, खणावयाचीं, सोलावयाचीं आणि निवडावयाचीं. सोलण्या-निवडण्याच्या कामावर बायका व मुलें असत. हायसिंथच्या सालींतील सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांनीं त्यांच्या हातांना खाज सुटत असे. हार्लेमपासून लायडनपर्यंतच्या पट्ट्यांतील वाळूच्या टेंकड्या खणून सपाट केल्या, पाण्याची पातळी कालव्यांनीं हातभर खालीं बांधून धरली, तेव्हां लिस्से व हिलेगोम या गांवांभोंवतीं कांद्यांचीं तीं जगप्रसिद्ध शेतें तयार झालीं. आणि चार वर्षांच्या या कष्टाचें फळ कांचेच्या भांड्यावर दोन-तीन आठवडे टिकतें. पाण्यावर फुललेला कांदा आपला सर्व सांठा खर्चून बसतो व बहुधा फेंकून द्यावा लागतो.

तथापि एक अडचण कायम होती. थंडींत ठेवून मग ऊब दिलेला साधा कांदा जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारींत फुले; नाताळाला क्वचितच. विसाव्या शतकाच्या आरंभीं लिस्से येथील निकोलास डामेस या कांदे पिकविणाऱ्या गृहस्थानें हा प्रश्न सोडविला. कांदे नेहमींपेक्षां लवकर खणून काढून ऊबदार कोठारांत ठेवल्यास ते पुष्कळ आधीं फुलतात, असें त्याच्या ध्यानीं आलें. यांतील शास्त्र वाखेनिंगन येथील प्राध्यापक ब्लाऊ यांनीं १९२० नंतरच्या काळांत उकलून दाखविलें. आठवड्या-आठवड्यानें कांदे चिरून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां त्यांना आढळलें कीं, हायसिंथ व ट्यूलिप यांचें फूल उन्हाळ्यांत, कांदा कोठारांत कोरडा पडला असतांनाच, आंत घडत असतें. बाहेरून मृतवत् दिसणाऱ्या कांद्यांत तोच काळ सर्वांत धांवपळीचा! हायसिंथचें फूल घडण्यास ऊब हवी, आणि घडलेल्या फुलाचा दांडा लांबण्यास आधीं दहा-बारा आठवडे सुमारें नऊ अंश सेंटिग्रेडची थंडी हवी. थंडीनें सांठ्यांतील पिठूळ द्रव्याची साखर होऊं लागते व वाढीस चालना देणारीं द्रव्यें जागीं होतात. थंडी न मिळाल्यास फूल उमलतें, पण आंखूड दांड्यावर, पानांच्या बेचक्यांतच अडकून. उन्हाळ्यांत ऊब देऊन तयार केलेले कांदे सप्टेंबरांत लावावे, थंड अंधारांत ठेवावे व डिसेंबरच्या आरंभीं ऊबेंत आणावे, म्हणजे ते नाताळाला फुलतात. ही रीत तेव्हांपासून रूढ झाली.

चिनी लोकांना मात्र इतकी यातायात करावी लागली नाहीं. फार प्राचीन काळीं पश्चिमेकडून व्यापारमार्गानें चीनमध्यें गेलेली एक नर्गिस त्यांनीं आपलीशी केली व तिला ‘जलदेवता’ अशा अर्थाचें नांव दिलें. तिला हिवाळ्याची दीर्घ थंडी लागत नाहीं. फुकिएन प्रांतांतील झांगझौ येथें हे कांदे पिकवितात. उथळ तबकांत खडे व पाणी घालून त्यांवर कांदा ठेवला कीं चार-सहा आठवड्यांत पांढरीं, सुवासिक फुलें येतात. चिनी नववर्षाच्या दिवशीं फूल उमलणें हें शुभ मानतात. कांहीं कारागीर कोंबाची एक बाजू चाकूनें अशी कोरतात कीं, पानें खेकड्याच्या नांग्यांसारखीं वळतात. परदेशीं गेलेल्या चिनी मजुरांनीं हे कांदे आपल्याबरोबर समुद्रापार नेले.

आतां हॉलंडच्या त्या हिवाळ्याकडे वळूं. १९४० पासून हा देश जर्मनांच्या ताब्यांत होता. सप्टेंबर १९४४ मध्यें दोस्त सैन्य दक्षिण भागांत शिरलें, तेव्हां लंडनस्थित डच सरकारच्या हांकेस अनुसरून रेल्वेच्या कामगारांनीं संप पुकारला. त्याचा सूड म्हणून जर्मन अधिकाऱ्यांनीं देशाच्या पश्चिम भागांत धान्य जाऊं देण्यास बंदी केली. कांहीं आठवड्यांनीं बंदी सैल झाली खरी, पण तोंवर थंडीचा कडाका पडून कालवे गोठले आणि नावा अडकून बसल्या. ॲम्स्टरडॅम, हेग, रॉटरडॅम यांसारख्या शहरांतील लाखों लोकांच्या वांट्याला येणारा शिधा नोव्हेंबर संपण्यापूर्वींच निम्म्याहून कमी झाला व फेब्रुवारींत तर त्याहूनहि खालीं गेला. कोळसा नाहीं, वीज नाहीं. लोकांनीं रस्त्यावरचीं झाडें तोडलीं, ट्रामच्या रुळांखालचीं लांकडें उपटलीं. त्या हिवाळ्यांत सुमारें वीस हजार माणसें अन्नान्न करून मेलीं.

युद्धामुळें परदेशचा व्यापार बंद पडून कांद्यांचे ढीग कोठारांत पडून होते. ते आतां भाजीवाल्यांच्या दुकानीं विक्रीस आले. ट्यूलिपचा कांदा खावा कसा, याच्या सूचना प्रसिद्ध करण्यांत आल्या: वरची तपकिरी साल काढावी, दोन भाग करावे, मधला पिंवळा कोंब अपायकारक असल्यामुळें खुडून टाकावा आणि उरलेलें बटाट्यासारखें उकडावें. कोणी ते किसून पातळ आमटी केली, कोणी वाळवून पीठ केलें व त्याच्या भाकऱ्या थापल्या. नर्गिसचा कांदा मात्र विषारी. चुकून तो खाल्लेल्यांचे हाल झाले. ज्या कांद्यांतील सांठा परक्या देशांतील दिवाणखान्यांत फूल होऊन उमलावयाचा, तोच सांठा त्या वर्षीं आईनें मुलांच्या ताटांत वाढला. बेगमी म्हणून निसर्गानें जें केलें होतें तें बेगमी म्हणूनच कामास आलें. २९ एप्रिल १९४५ पासून दोस्तांच्या विमानांनीं धान्याचीं पोतीं खालीं टाकण्यास आरंभ केला, आणि ५ मे रोजीं देश मुक्त झाला.

त्या मुक्ततेच्या कार्यांत कॅनडाच्या सैन्याचा मोठा वांटा होता. आणि राजकन्या युलियाना हिनें युद्धकाळ ओटावा शहरीं काढला होता. १९ जानेवारी १९४३ रोजीं तिची तिसरी कन्या तेथेंच जन्मली. मायदेशीं परतल्यावर १९४५ च्या शरद ऋतूंत तिनें ओटावा शहरास एक लाख ट्यूलिपचे कांदे भेट म्हणून धाडले. सहा महिन्यांपूर्वीं ज्या देशानें हेच कांदे खाऊन दिवस काढले, त्या देशानें आभार मानावयाचे तर आणखी कोणती वस्तु पाठवावी? पुढें दरवर्षीं कांदे पाठविण्याचा परिपाठ चालू राहिला. १९५० सालीं लिस्से येथें कॉयकेनहोफ नांवाचें विशाल उद्यान उघडलें गेलें, तें आजतागायत दर वसंतांत लक्षावधि लोकांना आपल्याकडे ओढतें.

आपल्या देशांत काश्मीरच्या डोंगरांत ट्यूलिपच्या रानजाती पूर्वींपासून आहेत. जहांगीर बादशहाच्या पदरचा चित्रकार मन्सूर यानें काढलेलें तांबड्या लालेचें चित्र प्रसिद्ध आहे. श्रीनगर येथें २००७ मध्यें ट्यूलिपचें मोठें उद्यान सुरू झालें. मुंबई-पुण्याच्या हवेंत मात्र या कांद्यांना हवी तेवढी थंडी कधींच मिळत नाहीं. ज्यांना हौस असेल त्यांनीं हायसिंथचे कांदे कागदी पिशवींत घालून दहा आठवडे शीतकपाटांत ठेवावे. त्या कपाटांत सफरचंदें किंवा पिकलेलीं केळीं ठेवूं नयेत, कारण पिकत्या फळांतून निघणाऱ्या वायूनें आंतील कळी मरते. आणि हे कांदे स्वयंपाकाच्या कांद्यांत मिसळणार नाहींत अशी दक्षता घ्यावी, कारण हायसिंथ खाण्याजोगा नव्हे. ज्यांना इतका खटाटोप नको त्यांना नर्गिस बरी. तिला तबकभर खडे व पाणी पुरतें. आणि घरोघरच्या हारांत व तुऱ्यांत शोभणारा आपला निशिगंध, तो तरी कोठला? त्याचीहि मायभूमि दूर मेक्सिको देशांत आहे. तो कांद्यावाटेच समुद्र ओलांडून आला, आणि त्याला इकडची हवा अशी मानवली कीं, तो परका होता हें आज कोणाच्या ध्यानींमनींहि नाहीं.